उजव्या रांगेची झोप

१

“जे दिसलं तेवढंच लिहायचं, तारादेवी. जे दिसायला हवं होतं, ते नाही.”

सात वर्षांपूर्वी नोंदवही माझ्या हातात देताना बऱ्हाटे सर हे म्हणाले होते. तेव्हापासून वही उघडली की आधी तो आवाज कानात येतो, मग पेन चालतं. त्या मंगळवारीही आला. फरक एवढाच, की त्या दिवशी सर माझ्या खांद्याशी उभे राहून अगदी हळू म्हणत होते, “हे लिहू नका.”

पण माझं लिहून झालं होतं. दहा वाजून चाळीस मिनिटं. उजवी रांग, सहाही झोपेत. डावी रांग, सहाही जागे.

एकोणसत्तर सालचा माघ महिना. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात वनौषधींची एक छोटी प्रयोगशाळा होती. सातपुड्यात एक वेल उगवते, डोंगरातले लोक तिला निंदाळी म्हणतात. तिच्या मुळीने झोप येते, हे ते पिढ्यान् पिढ्या जाणून होते. सरांना तेच कागदावर सिद्ध करायचं होतं. बारा पांढरे उंदीर होते, एकेका पिंजऱ्यात एकेक. डाव्या रांगेतल्या सहांना मुळीचा काढा द्यायचा, उजव्या रांगेतल्या सहांना नुसतं पाणी. मग बघायचं, कोण झोपतं. झोपलेल्या उंदराला अलगद उताणं केलं तरी तो सरळ होत नाही, ही आमची खूण. एकही जीव मारायचा नाही, या अटीवर मी या कामाला आले होते, आणि सरांनी ती अट सात वर्षं पाळली होती. उंदीर झोपत, उठत, मिशा साफ करत, आणि मी वेळ लिहीत असे.

तोवरचे सगळे प्रयोग नीट झाले होते. औषध घेतलेला झोपे, पाणी प्यालेला पळे. म्हणूनच मुंबईहून एक मोठे डॉक्टर मुद्दाम बघायला आले होते. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले. पाणी प्यालेले सहाही उंदीर गाढ झोपले होते. काढा प्यालेल्यांपैकी एक पिंजऱ्याची तार चावत होता.

“बऱ्हाटे,” पाहुणे म्हणाले, “तुमच्या धुळ्याचं पाणी फार गुणकारी दिसतंय.”

सर वळले. “अय्युब, बाटल्या कुणी भरल्या?”

“मीच, सर.”

सरांनी दोन्ही बाटल्या उचलल्या, आपल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप घातलं. “परवा बहिणीच्या लग्नाच्या तयारीसाठी तुला रजा हवी होती. मी दिली नाही. त्याचा हा सूड का?”

“सर...”

“चार वाजेपर्यंत बाटल्या बदलल्याची कबुली दे. नाहीतर प्रिन्सिपॉलसाहेबांकडे कागद जाईल, आणि उद्यापासून तू इथे नसशील.”

२

अय्युब आमचा प्रयोगशाळा-मदतनीस. पंधरा वर्षं तो इथे होता; माझ्या सात वर्षांत त्याच्या हातून एकही काचेची नळी फुटलेली मी पाहिली नव्हती.

मी सरांच्या दारात उभी राहिले. “सर, चारपर्यंत मला चार लोकांशी बोलू द्या.”

“तुम्ही? तुमचा आवाज पुढच्या टेबलापर्यंत पोचत नाही.”

“उंदरांना तसाच बरा वाटतो, सर.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “बोला. पण चार म्हणजे चार.”

अय्युब मागच्या ओट्यावर पाण्याच्या नळाशी बसला होता. बाजूला धुतलेल्या नळ्या ओळीने उपड्या होत्या.

“एवढं झाल्यावरही धुतल्यास?” मी विचारलं.

“नळ्यांनी काय केलंय, बाई?”

“पहिल्यापासून सांग. काहीही गाळू नकोस.”

“परवा मुळ्या कुटल्या. मोठ्या पातेल्यात उकळल्या, फडक्यातून गाळल्या. काढा बाटलीत भरला. चोथा पिंजरे झाडायला आलेल्या लताबाईने मागितला, म्हणून तिला दिला. चुलीत घालायला असेल. मग दुसऱ्या बाटलीत पाणी. दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून दोन्हीत जाळलेल्या साखरेचा रंग घातला. सरांचाच नियम. काढ्यावर ‘क’, पाण्यावर ‘ख’. आज नऊला ‘क’ डाव्या रांगेला, ‘ख’ उजव्या. तुम्ही शेजारी उभ्या राहून लिहिलंत.”

“लिहिलं. बाटली मी पाहिली. बाटलीत काय होतं, ते पाहिलं नाही.”

त्याने नळ घट्ट पिळला. मग म्हणाला, “चहावाल्याने ऐकलं, बाई. म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, मोगलाईत, आत्तापर्यंत पोचलं. रईसाचं लग्न आठ दिवसांवर आलंय. मुलाच्या बापाला काय सांगणार? अय्युबने साहेबाला फसवलं? अम्मी तर...” त्याने एक नळी उचलून उजेडात धरली. तिच्यावर पाण्याचा थेंबही नव्हता, तरी ती पुन्हा पुसली. “कबुली मी देणार नाही. नोकरी गेली तरी चालेल. न केलेलं केलं म्हणणार नाही.”

मान ताठ होती त्याची. डोळे मात्र नळाकडे.

३

निर्मलकुमार आमच्याकडे डेमॉन्स्ट्रेटर होते. इंदूरचं शिक्षण, कडक इस्त्री, आणि निंदाळीचं नाव घेताना कपाळाला किंचित आठी.

“मला विचारताय?” ते म्हणाले. “म्हणजे संशय माझ्यावरही आहे तर. बरं वाटलं. नाहीतर इथे मला कुणी मोजत नाही.”

“तुम्हाला हा प्रयोग फसावासा वाटत होता का?”

“वाटत होता.” त्यांनी सरळ सांगितलं. “जंगलातली मुळी आणायची आणि तिच्या नावाने मुंबईला बोलवायचं, हे मला पटत नाही. पण वाटणं वेगळं आणि बाटलीला हात लावणं वेगळं. आणि खरं सांगू? मुळीच खोटी असेल. तो मुळीवाला वना डोंगरातून काय आणतो, कुणी तपासलंय?”

“आधीचे नऊ प्रयोग त्याच्याच मुळीचे. ते जमले.”

“मग आजचं काय निराळं होतं?”

“तेच तुम्हाला विचारते.”

त्यांनी खांदे उडवले. “काही नाही. स्पिरिट नव्हतं, एवढंच. आपण दर वेळी मुळी स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढतो. दारूबंदी खात्याचा परवाना अजून आला नाही. सर म्हणाले, वैद्य लोक काढाच देतात, आपणही पाण्यात उकळू. काढा काय, अर्क काय. मुळी तीच.”

मी ते वहीत लिहिलं. तेव्हा त्याचं महत्त्व मला कळलं होतं असं म्हणणार नाही. दिसलं ते लिहिलं, ऐकलं तेही लिहिलं.

मग मी सरांकडे गेले. ते खुर्चीत बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. प्रिन्सिपॉलसाहेबांचं नाव मला वरच्या ओळीत दिसलं.

“सर, बाटल्या तुम्ही लगेच कुलपात ठेवल्यात. त्यानंतर त्यांना कुणाचा हात लागलेला नाही.”

“नाही.”

“निंदाळी कडू असते. जळक्या साखरेच्या रंगाने कडूपणा झाकत नाही. ‘क’ बाटली डाव्या रांगेला दिली हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती कडू लागली, तर डाव्या रांगेला काढाच मिळाला. मग बाटल्या बदललेल्या नाहीत.”

“चाखा मग.”

“आज माझा उपवास आहे, सर. जिभेवर काही ठेवता येणार नाही. तुम्हीच चाखा.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाट उघडलं, ‘ख’ मधला थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. काही नाही. मग ‘क’. त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं, चूळ भरली.

“कडू,” ते म्हणाले. “जहर कडू.”

म्हणजे काढा प्यालेले जागे होते आणि साधं पाणी प्यालेले झोपले होते, आणि बाटल्या जिथल्या तिथेच होत्या. समोरचा कागद त्यांनी फाडला नाही. पालथा घातला.

“अय्युब नाही, एवढं दिसतंय,” ते म्हणाले. “पण मग कोण? पाहुण्यांना मी काय सांगू? कुणीतरी काहीतरी केलंच आहे, तारादेवी. उत्तर मिळेपर्यंत मी कुणालाच मोकळं करणार नाही. चार वाजेपर्यंत.”

४

मी वही घेऊन उंदरांच्या खोलीत गेले. झाला प्रकार कळल्यापासून पिंजऱ्यांना कुणी हात लावला नव्हता. दीड वाजत आला होता. उजव्या रांगेतला पहिला उंदीर जागा होऊन अंग ताणत होता. मला बरं वाटलं, आणि ते वाटणं बाजूला ठेवून मी सकाळच्या नोंदी वाचल्या.

नऊ, औषध दिलं. नऊ पंधरा, सर आणि मी पाहुण्यांना आणायला फाटकाशी. नऊ पन्नास, परत आलो. आणि त्याच ओळीत माझंच अक्षर: “उजवी रांग, तोंड हलवत आहेत. डावी रांग, नाही.”

मी ती ओळ पुन्हा वाचली. उंदरांना आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलं होतं. औषध रिकाम्या पोटी द्यायचं असतं, म्हणून पिंजऱ्यात दाणा नव्हता. मग उजव्या रांगेतले काय चावत होते?

मी पिंजऱ्यांपुढे बसले. डाव्या रांगेत खाली पांढरट लाकडाचा भुसा होता, नेहमीचा. उजव्या रांगेत खालचं अंथरूण तपकिरी होतं, तंतूंचं, आणि कोपऱ्यांत कुरतडलेलं. चिमूटभर उचलून नाकाशी नेलं. कुटलेल्या मुळीचा वास. गाळून उरलेला चोथा.

लताबाई मागच्या अंगणात रिकाम्या पाट्या झाडत होती. पिंजरे साफ करणं, दाणा-पाणी, हे तिचं काम. त्याशिवाय गावात कुणाकडे लग्न निघालं, की पंगत वाढायला तिला बोलावणं असे. ती वाढायला उभी राहिली, की कुणाच्या पानावर काय कमी आहे ते तिला मागे न वळता कळतं, असं लोक म्हणत.

“लताबाई, सकाळी अंथरूण बदललंस?”

“बदललं, तुमी फाटकाशी गेल्यावर. पाहुणा येणार, मंग घाण कशी दाखवू?”

“डावीकडे भुसा घातलास. उजवीकडे चोथा.”

“हां.”

“का?”

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. मी चुकीचं काही बोलले असावे, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

“बाई, तुमी बी असं इचारतस? बारा जण एका ओळीत बसेल. सहा जणांले औषध, नि सहा जणांले नुसतं पाणी. दर बारीले मी बघस. पंगतमा एकले वाढनं नि दुसराले कोरडं ठेवनं, हाई मना हाततीन व्हस नही. औषध माले देता येस नही, ते सायबाचं काम. मंग निदान त्याचा चोथा तरी त्यांच्या पानावर. वाळवून ठेवला व्हता दोन दिवस गच्चीवर. मऊ शे, वास बी चांगला.”

पंगतीत दुजाभाव करायचा नाही, हे मलाही लहानपणी आईने शिकवलं होतं. सात वर्षं त्या उजव्या रांगेपुढे उभी राहून मी वेळ लिहीत होते, आणि माझ्या मनात हे एकदाही आलं नव्हतं.

“माझं काही चुकलं का?” तिने विचारलं. आता आवाज खाली आला होता.

“अजून माहीत नाही.”

कारण गाठ अजून सुटली नव्हती. निर्मलकुमार समोर असते तर म्हणाले असते, उकळून, गाळून, पिळून उरलेला चोथा तो. त्यातलं सत्त्व काढ्यात गेलं. चोथ्याने उंदीर झोपेल कसा, आणि काढ्याने जागा राहील कसा?

५

वना फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उकिडवा बसला होता. शिरपूरच्या वर डोंगरातल्या पाड्यावरचा. मुळ्यांचं गाठोडं घेऊन तो दर महिन्याला एस्टीने येई. मुळी खोटी निघाली तर म्हणून सरांनी त्याला थांबवून ठेवलं होतं. खांद्यावरची चादर त्याने नीट घडी करून मांडीवर ठेवली होती, घाईत नसल्यासारखी.

“वना, तुमच्या पाड्यावर निंदाळी कशी देतात?”

“मनी माय देस.” तो म्हणाला. “मुळी वाटस, मोहाना तेलमा घालस, दोन दिन ठेवस. मंग झोप न येणाऱ्या म्हाताऱ्याले बोटभर देस.”

“उकळत नाही?”

तो हसला. माझ्या अज्ञानाला हसला, पण वाईट नाही. “उकाळस नही. माय म्हनस, पानीमा कडू उतरस, झोप उतरस नही. मी सायबले पहिलाच दिन सांगं व्हतं. सायेब हासना.”

मी उठले. आयुष्यात कॉलेजच्या व्हरांड्यातून मी इतक्या जलद चालले नसेन.

सरांच्या खोलीत पाहुणे आणि निर्मलकुमार दोघंही होते. मी बोलायला लागले तेव्हा तिघांनाही पुढे वाकावं लागलं.

“निंदाळीत दोन गुण आहेत. कडूपणा पाण्यात उतरतो, झोप उतरत नाही. झोप तेलात उतरते, स्पिरिटमध्ये उतरते. आपण नऊ वेळा स्पिरिट वापरलं, नऊही वेळा उंदीर झोपले. या वेळी परवाना नव्हता, म्हणून पाणी वापरलं. काढ्यात नुसता कडूपणा आला. झोप सगळी चोथ्यात राहिली. तो चोथा लताबाईने उजव्या रांगेत अंथरला. उंदीर उपाशी होते. त्यांनी तो खाल्ला.”

निर्मलकुमार म्हणाले, “तर्क चांगला आहे. पण तर्कच.”

“हो. पण चार वाजायला अजून दोन तास आहेत.” मी पाहुण्यांकडे वळले. “डाव्या रांगेतले सहाही जागे आहेत. सहाही सारखे, सहांच्याही पोटात काढा. त्यातले कोणतेही तीन तुम्ही निवडा. त्यांच्या पिंजऱ्यात चोथा घालू, बाकीच्या तिघांत ताजा भुसा.”

पाहुण्यांनी निवडले. पहिला, चौथा, सहावा. लताबाईने उरलेला चोथा घातला. बाकीच्या तिघांत भुसा घालताना तिचा हात अडखळला, पण घातला. “जागे राहिले तर संध्याकाळी यांले दुप्पट दाणा देसू,” ती पुटपुटली.

दोन वाजले होते. अय्युब दाराशी उभा होता, आत येत नव्हता. सरांनी त्याला बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सव्वा तीनला पहिला उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून निजला. साडेतीनला चौथा. मी नोंदी करत होते आणि सर प्रत्येक नोंद माझ्या खांद्यावरून वाचत होते. तीन चाळीसला सहाव्या पिंजऱ्यातल्या उंदराला पाहुण्यांनी स्वतः हातात घेऊन उताणं केलं. तो तसाच राहिला, पोट हळूहळू वरखाली होत. भुशावरचे तिघं टक्क जागे होते, तार चावत.

“लिहा,” सर म्हणाले. “सगळं लिहा, तारादेवी.”

पाहुणे उभे राहिले. “बऱ्हाटे, सकाळी मी एक चांगली मुळी बघायला आलो होतो. आता तुम्ही मला त्याहून मोठं काही दाखवलंत. ती कशात विरघळते हे तुमच्याकडे कुणाला माहीत होतं?”

सरांनी खिडकीतून हात केला. वना आत आला, चप्पल दारात काढून.

“याच्या आईला,” सर म्हणाले. “मी हसलो होतो. अहवालात तिचं नाव जाईल. वना, नाव सांग.”

“गुजरी,” वना म्हणाला. आणि मग, पाठ सरळ करून, पुन्हा, पूर्ण: “गुजरी पावरा.”

निर्मलकुमारांनी खिशातलं आपलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं, कारण माझ्या पेनातली शाई संपली होती. नाव लिहीत असताना ते वाकून अक्षर बघत होते. “पावरा,” ते म्हणाले. “ठळक लिहा.”

लताबाईला पाहुण्यांनी नमस्कार केला. तिने पदर खोचला आणि म्हणाली, “मी पहिल्यापासून म्हनस, कोणाले कोरडं ठेवू नये.” तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी एखाद्या मोठ्या लग्नाची शेवटची पंगत उठल्यावर पाहिलं होतं.

६

मग खोलीत फक्त आम्ही तिघं उरलो. सर अय्युबसमोर उभे राहिले. घड्याळात चारला पाच कमी होते.

“मी चुकलो,” सर म्हणाले. “सगळ्यांसमोर बोललो. सगळ्यांना परत बोलावतो.”

“नको, सर.” अय्युबने मान हलवली. “इथल्यांना कळलंच. डोळ्यांनी पाहिलं त्यांनी. पण बातमी मोगलाईत गेलीय. आज मुलाचे वडील आमच्याकडे बसलेत. दुपारी निरोप आला. मी घरी जाऊन सांगितलं की सर म्हणाले, तर ते म्हणतील, हा तर म्हणणारच.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

“मी येतो,” ते म्हणाले. “आज संध्याकाळी. तुझ्या आईसमोर आणि त्यांच्यासमोर मी सांगेन, माझ्या तोंडाने.”

अय्युबने हो म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. त्याने कपाटाजवळून त्या दोन बाटल्या उचलल्या आणि धुवायला घेऊन गेला. चालताना मात्र पाऊल सकाळसारखं जड नव्हतं.

साडेपाचला प्रिन्सिपॉलसाहेबांची गाडी आली. सर्किट हाउसवर पाहुण्यांसाठी जेवण होतं. कलेक्टरसाहेब येणार होते, आणि सरांची खुर्ची पाहुण्यांच्या शेजारी मांडलेली होती. दुपारपासून कॉलेजभर तीच चर्चा होती. आम्हा जैनांच्या उपवासात सूर्य मावळल्यावर पाणीही चालत नाही; त्याआधी मला घरी जाऊन पाणी प्यायचं होतं, म्हणून मी वही कपाटात ठेवून निघाले होते. फाटकाशी सर गाडीच्या खिडकीत वाकलेले दिसले. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पाहुण्यांनी हात बाहेर काढून त्यांचा हात घट्ट धरला, आणि गाडी त्यांच्याशिवाय निघून गेली.

सरांनी कोटाची बटणं लावली. मग मागच्या फाटकाने, कुणाला काही न सांगता, पायी बाहेर पडले. पंधरा वर्षं अय्युब त्यांच्या हाताखाली होता, पण त्याचं घर त्यांना माहीत नसावं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला त्यांनी काहीतरी विचारलं. त्याने हातातला पंप खाली ठेवला आणि मोगलाईकडची गल्ली दाखवली. सरांनी मान लववली आणि त्या गल्लीत वळले.